‘दमलोय’, ‘भूक लागलीय’, ‘डोकं दुखतंय’ : प्राथमिक स्पॅनिशमध्ये भावना आणि अवस्था कशा सांगाव्यात

स्पॅनिश शिकायला लागल्यावर नाव, गाव, वय आणि व्यवसाय ही माहिती विद्यार्थ्याला लवकरच सांगता येऊ लागते. परंतु ‘कोमो एस्तास?’, म्हणजे ‘कशी आहेस?’ असे कोणी विचारले, की बहुतेकांची गाडी ‘ब्येन’, म्हणजे ‘बरी आहे’, या एका शब्दापाशी अडते. ठाण्यातल्या नौपाड्यात संध्याकाळी भरणाऱ्या माझ्या वर्गाला ऐरोली, रबाळे आणि महापे या भागांतील कार्यालयांतून सुटलेली मंडळी येतात. दिवसभर इंग्रजीत काम केल्यामुळे स्पॅनिश वाक्यही ती आधी मनात इंग्रजीत जुळवतात आणि मग एकेक शब्द बदलत जातात. ‘मी भुकेला आहे’ किंवा ‘मी थंड आहे’ अशा घडणीची वाक्ये इंग्रजीत चालतात, स्पॅनिशमध्ये चालत नाहीत, आणि नेमक्या याच वाक्यांवर विद्यार्थी पुन्हा पुन्हा अडखळतात. या विषयापुरते तरी मराठीतून थेट स्पॅनिशकडे जावे, मध्ये इंग्रजीला थांबा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कारण भावना आणि अवस्था सांगण्याचे जे तीन साचे स्पॅनिशला लागतात, त्यांच्याशी जुळणारी वाक्ये आपण घरात रोज बोलत असतो.

उच्चारांविषयी थोडे आधी सांगणे आवश्यक आहे. येथे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत आणि ते लॅटिन अमेरिकेतील प्रचलित उच्चारांना धरून आहेत. वहीत मात्र ते स्पॅनिशच्या रोमन लिपीतच, स्वरांवरील तिरक्या रेघांसह, लिहावेत. स्पॅनिशमधील ‘त’ आणि ‘द’ हे आपल्याप्रमाणे दातांना जीभ लावून उच्चारायचे असतात, त्यामुळे ‘एस्टॉय’ म्हणू नये, स्वच्छ ‘एस्तोय’ म्हणावे. शब्दाच्या शेवटचा ‘आ’ अर्धवट गिळू नये, कारण स्त्री बोलत आहे की पुरुष, हे पुष्कळदा त्याच स्वरावरून कळते. लेखनातला ‘ह’ उच्चारला जात नाही, म्हणून भुकेचा शब्द ‘आम्ब्रे’ असाच ऐकू येतो.

पहिला साचा : एस्तार

‘एस्तार’ या क्रियापदाची वर्तमानकाळातील रूपे अशी आहेत : मी ‘एस्तोय’, तू ‘एस्तास’, तो किंवा ती ‘एस्ता’, आम्ही ‘एस्तामोस’, ते किंवा त्या ‘एस्तान’. ‘तुम्ही सगळे’ या अर्थी स्पेनमध्ये ‘एस्ताइस’ असे आणखी एक रूप वापरतात, तर लॅटिन अमेरिकेत तेथेही ‘एस्तान’च चालते. ‘एस्तास’, ‘एस्ता’ आणि ‘एस्तान’ यांत जोर शेवटच्या अक्षरावर द्यावा, कारण हाच ‘एस्ता’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन उच्चारला तर त्याचा अर्थ ‘ही’ असा होतो. मराठीत आपण ‘मी’ न म्हणता नुसते ‘दमलोय’ म्हणतो, तसेच स्पॅनिशमध्येही ‘यो’ हे सर्वनाम सहसा गाळतात. ‘एस्तोय कान्सादो’ एवढे वाक्य पूर्ण आहे.

अडचण ही आहे की मराठीच्या एका ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. जे कायमचे ते ‘सेर’ आणि जे तात्पुरते ते ‘एस्तार’, असा नियम अनेक पुस्तकांत दिलेला असतो. सुरुवातीला तो उपयोगी वाटतो, पण फार काळ पुरत नाही. मासुंदा तलाव ठाण्यातून कोठेही जाणार नाही, तरीही ‘एल लागो मासुंदा एस्ता एन ठाणे’ असेच म्हणावे लागते, कारण वस्तूचे ठिकाण सांगताना ‘एस्तार’च येते. मेलेले झाड पुन्हा जिवंत होत नाही, तरी ‘एल आर्बोल एस्ता म्वेर्तो’ असे म्हणतात. उलट तीन वाजलेले तासाभरात सरतात, पण ‘तीन वाजले आहेत’ हे ‘सोन लास त्रेस’ असे, म्हणजे ‘सेर’ने सांगतात.

यापेक्षा मराठीची कसोटी अधिक कामाची आहे. काहीतरी घडून गेल्यावर जी स्थिती उरते, ती आपण ‘-ला आहे’, ‘-ली आहे’, ‘-ले आहे’ अशा रूपांनी सांगतो, आणि अशा बहुतेक ठिकाणी स्पॅनिशमध्ये ‘एस्तार’ येते. ‘तो बसला आहे’ म्हणजे ‘एस्ता सेन्तादो’, ‘ती झोपली आहे’ म्हणजे ‘एस्ता दोर्मिदा’, ‘दुकान बंद झाले आहे’ म्हणजे ‘ला त्येंदा एस्ता सेर्रादा’, ‘तिचे लग्न झाले आहे’ म्हणजे ‘एस्ता कासादा’. बसलेल्या माणसाविषयी इंग्रजीत चालू क्रियेचे रूप वापरतात. मराठी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा मात्र बसण्याची क्रिया संपली असून तिच्यामुळे आलेली स्थिती टिकून आहे, असे मानतात. ही जाण मराठी विद्यार्थ्याला घरूनच मिळालेली असते.

‘एस्तार’ची आणखी एक बाजू आंब्यावरून चटकन कळते. ‘हापूस गोड असतो’ हे जातीविषयीचे विधान आहे आणि तेथे ‘एल मांगो एस दुल्से’ असे ‘सेर’चे ‘एस’ हे रूप येते. वाशीच्या घाऊक बाजारातून आणलेल्या पेटीतला एक आंबा कापून, त्याची फोड तोंडात टाकून ‘हा गोड आहे’ असे म्हणायचे असेल, तर ‘एस्ते मांगो एस्ता दुल्से’ असे म्हणावे. तोच आंबा ‘एस बेर्दे’ असेल तर त्याचा रंग हिरवा आहे, आणि ‘एस्ता बेर्दे’ असेल तर तो अजून कच्चा आहे. माणसांनाही हाच भेद लागू होतो. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो माणूस कंटाळवाणा आहे आणि ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे त्याला कंटाळा आला आहे. ‘एस लिस्ता’ म्हणजे ती हुशार आहे आणि ‘एस्ता लिस्ता’ म्हणजे ती तयार आहे. स्वतःविषयी ‘सेर’चे ‘सोय’ हे ‘मी’चे रूप घेऊन ‘सोय आबुर्रिदा’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थिनीला मी लगेच थांबवते, कारण तिला सांगायचे असते एक आणि ऐकणाऱ्याला कळते भलतेच.

आता लिंग आणि वचन. मराठीत पुरुष ‘दमलो’ म्हणतो आणि स्त्री ‘दमले’ म्हणते, म्हणजे लिंग क्रियापदात दिसते. स्पॅनिशमध्ये ‘एस्तोय’ दोघांसाठी सारखेच राहते आणि लिंग विशेषणात दिसते : पुरुष ‘एस्तोय कान्सादो’ म्हणतो, स्त्री ‘एस्तोय कान्सादा’ म्हणते. येथवर कोणाला फारसा त्रास होत नाही. खरी काळजी अनेकवचनात घ्यावी लागते, कारण मराठीत सगळ्या मैत्रिणी मिळूनही ‘आम्ही दमलो’ असेच म्हणतात, तर स्पॅनिशमध्ये फक्त स्त्रियांचा गट असेल तर ‘एस्तामोस कान्सादास’ आणि त्यांत एकही पुरुष असेल तर ‘एस्तामोस कान्सादोस’ असे म्हणावे लागते. ‘त्रिस्ते’ (दुःखी) आणि ‘फेलीस’ (आनंदी) या शब्दांना लिंगभेद नाही. अनेकवचनात मात्र ते ‘त्रिस्तेस’ आणि ‘फेलीसेस’ होतात.

सुरुवातीला थोडीच विशेषणे घ्यावीत, पण ती स्वतःच्या लिंगरूपात तोंडात बसवावीत. ‘कोन्तेन्तो’ म्हणजे खूश, ‘प्रेओकुपादो’ म्हणजे काळजीत, ‘नेर्व्योसो’ म्हणजे मनातून धास्तावलेला, ‘ओकुपादो’ म्हणजे कामात, ‘एन्फेर्मो’ म्हणजे आजारी. रागावलेल्यासाठी लॅटिन अमेरिकेत ‘एनोखादो’ आणि स्पेनमध्ये ‘एन्फादादो’ हा शब्द अधिक ऐकू येतो. इंग्रजीसारखे दिसणारे शब्द तपासल्याशिवाय वापरू नयेत. ‘एम्बारासादा’ म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. आणि एखाद्या गोष्टीची मोठी उत्सुकता सांगताना ‘एमोस्योनादो’ म्हणावे, ‘एक्सितादो’ म्हणू नये, कारण त्याला लैंगिक छटा आहे.

दुसरा साचा : तेनेर

‘तेनेर’ म्हणजे जवळ असणे. त्याची रूपे ‘तेंगो’, ‘त्येनेस’, ‘त्येने’, ‘तेनेमोस’, ‘त्येनेन’ अशी आहेत आणि स्पेनमध्ये त्यांत ‘तेनेइस’ची भर पडते. स्पॅनिशमध्ये भूक, तहान, झोप ही नामे आहेत आणि ती माणसाजवळ असतात : ‘तेंगो आम्ब्रे’ (भूक लागली आहे), ‘तेंगो सेद’ (तहान लागली आहे), ‘तेंगो स्वेन्यो’ (झोप आली आहे), ‘तेंगो फ्रीओ’ (थंडी वाजते आहे), ‘तेंगो कालोर’ (उकडते आहे), ‘तेंगो म्येदो’ (भीती वाटते), ‘तेंगो बेर्ग्वेन्सा’ (लाज वाटते), ‘तेंगो प्रीसा’ (घाई आहे). मराठीतही भूक हे नामच आहे. ती ‘लागते’, झोप ‘येते’, थंडी ‘वाजते’, भीती ‘वाटते’. आपल्याकडे प्रत्येक नामाला वेगळे क्रियापद जोडावे लागते, तर स्पॅनिशमध्ये एका ‘तेंगो’वर सगळ्यांचे भागते. म्हणजे मराठी भाषकाला येथे नवीन काही समजून घ्यायचे नाही, उलट आपल्यापेक्षा सोपी रचना स्वीकारायची आहे. नामे असल्यामुळे त्यांना बोलणाऱ्याचे लिंगही लागत नाही. ‘तेंगो आम्ब्रे’ हे बाबांनीही म्हणावे आणि आईनेही.

मेमध्ये ठाण्यात हमखास लागणाऱ्या एका वाक्याविषयी स्पष्ट सांगणे भाग आहे. उकडते आहे असे सांगण्यासाठी ‘एस्तोय काल्येन्ते’ म्हणू नये, कारण त्यातून लैंगिक इच्छेचा अर्थ निघतो. स्वतःला उकडत असेल तर ‘तेंगो कालोर’, हवाच गरम असेल तर ‘आसे कालोर’, आणि चहा गरम असेल तर ‘एल ते एस्ता काल्येन्ते’, असे तीन वेगळे प्रयोग एकदमच पाठ करून ठेवावेत.

‘खूप’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. आपण ‘खूप दमलोय’ आणि ‘खूप भूक लागलीय’ या दोन्ही ठिकाणी एकच शब्द वापरतो. स्पॅनिशमध्ये विशेषणाआधी ‘मुइ’ येते आणि नामाआधी ‘मुचो’ किंवा ‘मुचा’ येते, म्हणून ‘एस्तोय मुइ कान्सादा’ परंतु ‘तेंगो मुचा आम्ब्रे’. ‘आम्ब्रे’, ‘सेद’, ‘प्रीसा’ आणि ‘बेर्ग्वेन्सा’ ही नामे स्त्रीलिंगी असल्यामुळे त्यांना ‘मुचा’ लागते. ‘स्वेन्यो’, ‘फ्रीओ’, ‘कालोर’ आणि ‘म्येदो’ पुल्लिंगी असल्यामुळे त्यांना ‘मुचो’. हे ‘मुचा’ भुकेच्या लिंगाप्रमाणे येते, बोलणाऱ्याच्या नव्हे, ही गोष्ट वर्गात मला सर्वांत जास्त वेळा सांगावी लागते.

मराठीचा आधार घेताना एका ठिकाणी सांभाळावे लागते. ‘मला’ने सुरू होणारे प्रत्येक मराठी वाक्य ‘तेंगो’कडे जात नाही. ‘मला राग आला आहे’, ‘मला कंटाळा आला आहे’, ‘मला काळजी वाटते’ आणि ‘मला आनंद झाला आहे’ ही चारही वाक्ये घडणीने ‘मला भूक लागली आहे’ या वाक्यासारखीच आहेत, पण स्पॅनिशमध्ये ती ‘एस्तोय एनोखादा’, ‘एस्तोय आबुर्रिदा’, ‘एस्तोय प्रेओकुपादा’ आणि ‘एस्तोय कोन्तेन्ता’ अशी पहिल्या साच्यात जातात. शरीराच्या गरजा आणि संवेदना, त्यांच्या जोडीला भीती, लाज आणि घाई, एवढे ‘तेनेर’चे; मनाच्या बाकीच्या बहुतेक अवस्था ‘एस्तार’च्या. सुरुवातीला एवढी वाटणी पुरते. आजारपणात मात्र दोन्ही साचे मिसळतात : ताप आला असेल तर ‘तेंगो फ्येब्रे’, खोकला असेल तर ‘तेंगो तोस’, आणि सर्दी झाली असेल तर ‘एस्तोय रेस्फ्रिआदो’ किंवा ‘एस्तोय रेस्फ्रिआदा’.

याच क्रियापदाचा ‘तेंगो गानास दे’ हा प्रयोगही लवकर शिकावा. तो आपल्या ‘-वेसे वाटते’ या रचनेचे काम करतो : ‘तेंगो गानास दे दोर्मीर’ म्हणजे झोपावेसे वाटते, ‘नो तेंगो गानास दे सालीर’ म्हणजे बाहेर पडावेसे वाटत नाही. नकारासाठी ‘नो’ हा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी ठेवला की झाले.

तिसरा साचा : दुखणे आणि वाटणे

‘माझे डोके दुखते’ याला स्पॅनिशमध्ये ‘मे द्वेले ला काबेसा’ म्हणतात आणि ‘माझे पाय दुखतात’ याला ‘मे द्वेलेन लोस प्येस’. डोके एक म्हणून ‘द्वेले’, पाय दोन म्हणून ‘द्वेलेन’. क्रियापद दुखणाऱ्या अवयवाप्रमाणे बदलते, माणसाप्रमाणे नाही. मराठीत ‘दुखते’ आणि ‘दुखतात’ हा फरक आपण याच कारणाने करतो. वेगळेपण एवढेच की स्पॅनिशमध्ये ‘माझे’ म्हणत नाहीत. ‘मे’, म्हणजे ‘मला’, आधीच आल्यामुळे अवयवाला साधे ‘ला’, ‘एल’ किंवा ‘लोस’ लावतात. ‘मे गुस्ता’, म्हणजे ‘मला आवडते’, हा प्रयोगही असाच चालतो, त्यामुळे एक पक्का झाला की दुसरा आपोआप हाताशी येतो.

‘मला बरे वाटत नाही’ यासाठी ‘मे स्येन्तो माल’ किंवा ‘नो मे स्येन्तो ब्येन’ म्हणावे. ‘मे स्येन्तो’चा दुसरा अर्थ ‘मी बसतो’ असाही होतो, परंतु पुढे ‘माल’, ‘ब्येन’ किंवा ‘त्रिस्ते’ आले की ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. प्रकृती ठीक आहे असे सांगताना ‘एस्तोय ब्येन’ म्हणावे. ‘एस्तोय ब्वेनो’ हे त्याचे रूप नव्हे. त्यातून स्वतःच्या देखणेपणाची बढाई ऐकू येते.

विचारणे, सांगणे आणि ऐकून घेणे

मित्राला किंवा बरोबरीच्या सहकाऱ्याला ‘कोमो एस्तास?’ असे विचारावे. वयाने मोठ्या, अपरिचित किंवा अधिकाराच्या व्यक्तीला ‘कोमो एस्ता उस्तेद?’ असे विचारावे. ‘उस्तेद’ हे आपल्या आदरार्थी ‘तुम्ही’चे काम करते, पण त्याच्याबरोबर क्रियापद मात्र ‘तो’ किंवा ‘ती’चेच, एकवचनी येते. आपण आदरासाठी अनेकवचन वापरतो, त्या सवयीने येथे ‘एस्तान’ वापरू नये. समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसला तर ‘के ते पासा?’, म्हणजे ‘काय झालं तुला?’, असे विचारावे.

उत्तर देताना एका विशेषणावर थांबू नये, त्याला ‘पोर्के’ म्हणजे ‘कारण’ जोडून कारणही सांगावे. ‘एस्तोय कान्सादा पोर्के त्राबाखो मुचो’, म्हणजे खूप काम करत असल्यामुळे दमले आहे. ‘ओय’ (आज), ‘आओरा’ (आत्ता) आणि ‘उन पोको’ (थोडे) हे तीन शब्द जोडीला असले की वाक्य लगेच बोलण्यातले वाटू लागते : ‘ओय एस्तोय उन पोको त्रिस्ते’. इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही १९९१ मध्ये स्थापन झालेली संस्था स्पॅनिश भाषेची जी देले परीक्षा घेते, तिच्या ए-१ या सर्वांत प्राथमिक पातळीवरही तोंडी भागात स्वतःविषयी बोलावे लागते, आणि तेथे अशी कारण जोडलेली छोटी वाक्ये फार उपयोगी पडतात.

सरावासाठी मी ट्रान्सहार्बर मार्गावरचा प्रवास सुचवते. ठाण्याहून गाडी सुटली की ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी स्थानके येत जातात. प्रत्येक स्थानकावर डब्यातल्या एका माणसाकडे न्याहाळून न पाहता, नुसती नजर टाकून मनात त्याच्याविषयी एक वाक्य करावे. खिडकीशी डुलकी घेणारा मुलगा ‘त्येने स्वेन्यो’, दाराशी घड्याळ पाहणारी बाई ‘त्येने प्रीसा’, फोनवर हसणाऱ्या दोघी ‘एस्तान कोन्तेन्तास’. अशा सरावात ‘तो’, ‘ती’ आणि ‘त्या’ यांची रूपे तोंडात बसतात. नुसते स्वतःविषयी बोलत राहिल्यास ती मागे पडतात. परतताना तीच वाक्ये प्रश्नरूपात आणि नकारात करावीत.

एक संवाद मी वर्गात जोडीजोडीने म्हणून घेते. पहिली विचारते, ‘ओला, कोमो एस्तास?’ दुसरी सांगते, ‘माल. मे द्वेले ला काबेसा ई तेंगो फ्येब्रे.’ पहिली म्हणते, ‘के पेना! एस्तास एन कासा?’ दुसरी म्हणते, ‘सी, एस्तोय एन कासा. नो तेंगो आम्ब्रे, पेरो तेंगो मुचा सेद.’ अर्थ असा : बरे नाही, डोके दुखते आहे आणि ताप आहे, अरेरे, घरी आहेस का, हो, घरीच आहे, भूक नाही, पण तहान खूप लागली आहे. एवढ्याशा संवादात तिन्ही साचे येतात आणि ठिकाण सांगणारे ‘एस्तार’ही येते.

समोरच्याने आपली अवस्था सांगितल्यावर काय बोलावे, हेही याच धड्याचा भाग मानावे, कारण ते येत नसेल तर संभाषण तेथेच संपते. आनंदाची बातमी ऐकली की ‘मे आलेग्रो’ म्हणावे, म्हणजे ‘ऐकून बरे वाटले’. दुःखाची ऐकली की ‘लो स्येन्तो’ म्हणावे, म्हणजे ‘ऐकून वाईट वाटले’. कोणी परीक्षेच्या आधी ‘एस्तोय नेर्व्योसा’ म्हणाली तर ‘आनिमो!’ म्हणून धीर द्यावा, आणि वरच्या संवादातील मैत्रिणीसारखी कोणी आजारी असेल तर ‘के ते मेखोरेस’, म्हणजे ‘लवकर बरी हो’, असे म्हणावे. तीच सदिच्छा ‘उस्तेद’ म्हणायच्या व्यक्तीला देताना ‘के से मेखोरे’ असे रूप वापरावे.